‘जुना करार’ आणि कोंकणांतील बेने इस्राएल : मिशनरी लेखनाचें एक परीक्षण

मुंबईहून घाटावर जाणाऱ्या जुन्या वाटेवर पनवेल हें खाडीकांठचें नामांकित बंदर होतें. सन १९७० नंतर नवी मुंबई ह्या नांवानें जें विस्तीर्ण नगर वसविण्यांत आलें, त्याच्या पसाऱ्यांत हें गांव आतां जवळजवळ वेढलें गेलें आहे. तथापि जुन्या वस्तींत बेने इस्राएलांचें बेथ एल नांवाचें सिनेगॉग अद्यापि उभें आहे. त्याच्या स्थापनेचें साल १८४९. बेथ एल म्हणजे देवाचें घर. याकोब धोंडा उशाशीं घेऊन निजला असतां आजा अब्राहाम ह्यास दिलेलें वचन देवानें त्यास पुन्हा दिलें, त्या स्थळाचें हें नांव. म्हणजे ज्या वचनाचा वाद ख्रिस्ती शास्त्रांत अठराशें वर्षें चालला होता, त्याचेंच स्मरण ह्या मंदिराच्या नांवांत आहे. हें मंदिर उभें राहण्याच्या दोनच वर्षें आधीं, सन १८४७ त, डॉक्टर जॉन विल्सन ह्यांचा बायबलांतील देशांविषयींचा मोठा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यांत बेने इस्राएलांचें सविस्तर वर्णन आलें. ह्या दोन पुराव्यांची, एक छापील व एक दगडी, गांठ घालून पाहावी एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बेने इस्राएलांच्या इतिहासास मिशनरींचें लेखन हें मुख्य साधन होऊन बसलें आहे. सन १८८३ चें कुलाबा ग्याझेटियर व १९०७ सालीं कोल्हापुरास छापलेलें रेव्हरंड लॉर्ड ह्यांचें पुस्तक ह्या उत्तरकालीन लेखनासहि तीच परंपरा पाठीशीं आहे. आमच्या संग्राहक मित्रांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत हीं पुस्तकें आहेत, व त्यांतील उतारे प्रमाण म्हणून बिनदिक्कत दिले जातात. आमची तक्रार उताऱ्यांविरुद्ध नाहीं. हीं पुस्तकें लिहिणाऱ्यांच्या मनांत यहुदी लोकांविषयीं एक ठाम सिद्धान्त होता, व तो ध्यानांत न घेतां त्यांची साक्ष घेतली जाते, ही आमची तक्रार आहे. बखरकार कोणाच्या पदरचा होता हें पाहिल्यावांचून आपण बखर वापरीत नाहीं. मग हीच सावधगिरी येथें कां सुटावी?

तो सिद्धान्त कोणता, हें पाहण्यापूर्वीं एका शब्दाचा निकाल लावला पाहिजे. देवानें अब्राहामाशीं व त्याच्या वंशजांशीं जें बंधन जोडलें त्यास हिब्रूंत ‘बरीथ’ म्हणतात. मराठी बायबलकारांनीं त्यास ‘करार’ हा शब्द घेतला आणि ग्रंथाच्या दोन भागांसहि ‘जुना करार’ व ‘नवा करार’ हींच नांवें रूढ झालीं. एका अंगानें हें भाषांतर इंग्रजीहून सरस आहे. बरीथास ग्रीक भाषांतरकारांनीं मृत्युपत्राच्या अर्थाचा शब्द घातला, तोच लॅटिनांतून इंग्रजींत उतरला, व ग्रंथाच्या नांवांतून बंधनाचा अर्थच गळाला. मराठीनें तो परत आणला. शिवाय करार ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ स्थैर्य, ठाव, ठाम राहणें असा आहे. उर्दू कवींचा ‘बेकरार’ म्हणजे ज्याच्या जीवास स्थैर्य नाहीं तो.

परंतु दप्तरांतल्या मराठींत करार शब्दाचा कल वेगळा आहे. करार म्हणजे दोन पक्षांनीं आपसांत ठरविलेलें. त्याची मुदत भरते, एका पक्षानें अटी मोडल्या तर तो तुटतो, नवा झाला म्हणजे जुना रद्द होतो आणि फारखत लिहून घेतली कीं देणेंघेणें उरत नाहीं. ‘जुना करार’ व ‘नवा करार’ हीं नांवें शेजारीं शेजारीं पाहिलीं कीं मराठी वाचकाच्या मनांत पहिल्याचें फारखत आपोआपच लिहिलें जातें. मूळ ग्रंथ काय म्हणतो ह्याचा विचार करण्यापूर्वीं व्यवहारच निकाल देऊन मोकळा होतो.

आतां मूळ पाहावें. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायांतील अब्राहामाचें बंधन पिढ्यान् पिढ्यांचें व निरंतरचें म्हणून सांगितलें आहे, व त्याची खूण म्हणून मुलाची आठव्या दिवशीं सुंता करण्याची आज्ञा आहे. सीनाय पर्वतावरील बंधनास मात्र आज्ञापालनाच्या अटी आहेत. पहिलें आपल्याकडील दानपत्राच्या जातीचें, दुसरें कौल-कराराच्या जातीचें, असें म्हटल्यास आमच्या वाचकांस तें चटकन् उमजेल. दानपत्र देणारा वरिष्ठ असतो, घेणाऱ्याच्या वंशास तें पुत्रपौत्रीं चालतें, आणि त्याची मुदत कोणत्या शब्दानें सांगतात? आचंद्रार्क. उत्तर कोंकणांतील शिलाहारकालीन गद्धेगाळांच्या माथ्यावर सूर्यचंद्र कोरलेले असतात ते ह्याचसाठीं. यिर्मया संदेष्ट्याच्या एकतिसाव्या अध्यायांत ‘नव्या’ कराराचें जें भाकीत आहे, त्यावर ख्रिस्ती मताचा सगळा भर आहे. तें भाकीत संपतांच पुढच्याच कंडिकेंत सूर्य, चंद्र व तारे ह्यांचा नेम चालेल तोंवर इस्राएलाचा वंश राष्ट्र म्हणून राहील असा आशय आला आहे. शिवाय तो नवा करारहि इस्राएल व यहूदा ह्यांच्याच घराण्यांशीं करावयाचा आहे, तिऱ्हाइताशीं नव्हे. दानपत्रें वाचण्याची ज्यांस संवय आहे त्यांनीं हा अध्याय एकदा अवश्य वाचावा. ह्याला नूतनीकरणाची सनद म्हणावें कीं जप्तीचा हुकूम, हें त्यांस सांगावें लागणार नाहीं.

सूर्यचंद्राची हीच भाषा यहुद्यांस हिंदुस्थानांतहि मिळाली, हा योग मोठा विलक्षण आहे. इ. स. १००० च्या सुमारास केरळांतील भास्कर रविवर्मा राजानें जोसेफ रब्बान ह्या यहुदी प्रमुखास ताम्रपटानें बहात्तर हक्क दिले, ते त्याच्या वंशास जग व चंद्र असेपर्यंत चालावे अशा आशयाचे आहेत. क्लॉडियस ब्युकॅनन हा पाद्री १८०६ ते १८०८ च्या दरम्यान कोचीनकडे हिंडला. त्यानें तेथील ताम्रपटांच्या हुबेहूब प्रती करविल्या व हिब्रू पोथ्यांचा मोठा संग्रह नेला, तो आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. त्यांत तांबड्या रंगविलेल्या कातड्यांवर लिहिलेली तोरेची गुंडाळी आहे. तसेंच एका यहुदी पंडितानें केलेलें ख्रिस्ती शुभवर्तमानांचें हिब्रू भाषांतरहि त्याच्या हातीं लागलें. पोथ्या जमविणाराचा लोभ आम्हांस परका नाहीं, म्हणून ब्युकॅननला आम्ही दोष देत नाहीं. पण त्याला त्या पोथ्या कशासाठीं हव्या होत्या? यहुद्यांच्या ग्रंथानेंच यहुद्यांस ख्रिस्ताची खात्री पटवावी ह्यासाठीं. यहुदी लोक हे आपल्या ग्रंथांचे भारवाही असून ते वाहतात तो पुरावा ख्रिस्ती मंडळीच्या उपयोगाचा, हें आगस्तीन ह्या पांचव्या शतकांतल्या आचार्याचें मत होतें. ब्युकॅनननें ग्रंथ तर नेलेच, व वाहणारेहि आपल्या बाजूस यावे अशी आशा धरली.

ख्रिस्ती मतांत ह्या प्रश्नावर आरंभापासून दोन धारा आहेत. इब्र्यांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता पहिला करार जीर्ण झाला व जाण्याच्या बेतास आला असें मानतो. पौल रोमकरांस लिहितांना उलट बोलतो. इस्राएल हें जैतुनाचें मूळ झाड, इतर राष्ट्रें हीं त्यावर बांधलेलीं रानटी कलमें, कलमानें मुळापुढें मिरवूं नये आणि देव दिलेलें दान व केलेलें पाचारण परत घेत नाहीं, असा त्याच्या अकराव्या अध्यायाचा आशय आहे. पुढील कित्येक शतकें पहिलीच धारा बळावली.

तिचें निष्ठुर रूप आमच्याच किनाऱ्यावर दिसलें. गोव्यांत १५६० पासून धर्मचौकशीची कचेरी चालूं झाली व यहुदी आचार गुप्तपणें पाळल्याचा आरोप हा तिच्या आरंभीच्या दिवसांतला मोठा गुन्हा होता. वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता, ज्याच्याकडे कांहीं काळ मुंबई बेट मक्त्यानें होतें, तो १५६८ त वारला. त्याची बहीण कातारिना हिला १५६९ त जाळण्यांत आलें व त्याचीं स्वतःचीं हाडें १५८० त उकरून जाळण्यांत आलीं. ह्याच गोव्यांत पुढें फादर स्टीफन्स ह्यानें ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं प्रथम छापलें, परंतु १६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. आपण वाचतों तें १९०७ च्या मंगळूर आवृत्तींतून, किंवा अॅबट ह्यांनीं १९२३ त उजेडांत आणलेल्या लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीवरून. स्टीफन्सनें आपल्या ग्रंथाच्या दोन भागांस करार म्हटलें नाहीं, पुराण म्हटलें. पहिल्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. एका पुराणानें दुसरें पुराण रद्द होत नाहीं हें आपल्याकडील लहान मूलहि जाणतें. पण स्टीफन्सच्या मतें पहिलें पुराण दुसऱ्याच्या स्वागतासाठीं आहे, त्यास स्वतःचें चालूं आयुष्य नाहीं. सौम्य वाणींत व गोड ओव्यांत तोच निकाल आहे. ओवीची गोडी आम्ही मान्य करतों. ती ज्या गांवांत लिहिली गेली तेथें त्या वेळीं शनिवार पाळणें किती धोक्याचें होतें, हेंहि विसरत नाहीं.

विल्सन ह्या परंपरेंतले नव्हत. ते १८२९ त मुंबईस आले, १८३२ त त्यांनीं शाळा काढली व त्याच वर्षीं बेने इस्राएलांसाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींत रचून छापलें. प्रॉटेस्टंट पंथांत त्या काळीं पौलाची धारा पुन्हा वर आली होती. इस्राएलावरचा देवाचा हक्क व देवावरचा इस्राएलाचा हक्क संपलेला नाहीं, हें राष्ट्र पुन्हा एकवटेल व शेवटीं ख्रिस्तास मानील, असें तें मत. स्कॉटलंडच्या चर्चनें ह्याच भावनेनें १८३९ त पॅलेस्टाइनकडे आपली चौकशी-मंडळी पाठविली होती. तेव्हां मिशनरी म्हणजे यहुद्यांचा करार बुडाला असें म्हणणारा, हा अलीकडे ऐकूं येणारा सरसकट शेरा विल्सन ह्यांस लागूं पडत नाहीं. त्यांच्या मतें करार जिवंत होता. कसा जिवंत, तें दख्खनच्या मिराशीच्या दृष्टान्तानें सांगतां येईल. मिरासदार परागंदा झाला, जमीन पड राहिली, तरी त्याचा हक्क लगेच मरत नसे. तो किंवा त्याचा वारस परत येऊन मिरास मागूं शके. विल्सन ह्यांच्या लेखीं बेने इस्राएल हे असे परागंदा मिरासदार होते. मात्र परत येण्याची वाट मिशनच्या प्रार्थनामंदिरांतून जात होती.

ह्या मताचा त्यांच्या संशोधनावर काय परिणाम झाला? विल्सन हे थोर विद्वान्, लेण्यांवरील व पारशी धर्मावरील त्यांचें काम आमच्या वाचकांस परिचित आहे. तरी बेने इस्राएल हे हरवलेल्या दहा वंशांपैकीं असावेत ह्या तर्काकडे ते झुकले, तेव्हां त्यांची तराजू सरळ राहिली नाहीं असें आम्हांस वाटतें. त्यांचा एक आधार नांवांचा. ह्या लोकांत रूबेन हें नांव फार आढळतें, यहूदा हें आढळत नाहीं, म्हणून ते यहूदाच्या घराण्याचे नव्हत. नांवांची गणती ही नाजूक गोष्ट आहे. मुंबईंत १७९६ सालीं पहिलें सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर हे लोकांत समाजी हसाजी म्हणून ओळखले जात. हिब्रू नांव कोंकणी तोंडांतून जातांना किती पालटतें, हें एवढ्यावरूनच दिसेल. शिवाय इस्लामी अंमलाच्या मुलखांत यहुदी हें नांव तिरस्काराचें व बनी इस्राएल हें कुराणांतलें आदराचें, म्हणून तेंच धारण केलें असावें असेंहि मत मांडलें गेलें आहे, व तें पोक्त आहे. मग यहूदा हें नांव टाळण्याचें कारण वंशांत शोधावें कीं शेजारांत? दहा वंश सांपडणें हें भविष्यवाणी फळण्याचें चिन्ह होतें. चिन्हाची वाट पाहणाऱ्यास तें लवकर दिसतें. २०१६ त प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासांत ह्या समाजांत मध्यपूर्वेकडील यहुदी व भारतीय असे दोन्ही अंश ठळक आढळले. वंश कोणता हें त्यावरून ठरत नाहीं, ठरणारहि नाहीं.

याच्या उलट, जेथें सिद्धान्ताला कांहीं मिळवावयाचें नव्हतें तेथें मिशनरींची नजर फार स्वच्छ आहे, व त्याबद्दल त्यांचे उपकार मानावे तितके थोडे. नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात बायका वांचल्या ही परंपरा, ग्रंथ व भाषा दोन्ही गमावलेला हा समाज, तेल्याचा धंदा आणि शनिवारीं घाणा बंद, म्हणून पडलेलें ‘शनवार तेली’ हें नांव. हें सर्व त्यांनीं टिपलें. काय उरलें होतें, तें पाहावें : आठव्या दिवसाची सुंता, शनिवार, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नेम, आणि प्रत्येक संस्कारांत उच्चारावयाचें ‘शमा’ हें एकच हिब्रू वचन. सणांचीं हिब्रू नांवें गेलीं, पण सण गेले नाहींत. नव्याचा सण, खिरीचा सण, प्रायश्चित्ताच्या दिवसास दारें लावून घेण्यावरून दारफाळणीचा सण, यरुशलेमचें मंदिर पडल्याच्या शोकास वालाच्या बिरड्यावरून बिरड्याचा रोजा. देवळाच्या नाशाचें दुःख अष्टागरांत वालाच्या बिरड्यानें स्मरावें, ह्याहून अधिक मराठी काय असणार! आतां ह्या यादीकडे सनदशोधकाच्या डोळ्यांनीं पाहावें. अब्राहामाच्या बंधनाची ग्रंथांत सांगितलेली खूण सुंता, सीनायच्या बंधनाची सांगितलेली खूण शनिवार. दस्तऐवज हरवला, पण त्यावरच्या दोन्ही मोहोरा हातांत राहिल्या. मिशनरींनीं ही यादी अज्ञानाचा पुरावा म्हणून दिली. आम्ही ती वहिवाटीचा पुरावा म्हणून वाचतों, आणि वतनाच्या वादांत सनद जळाल्यावर वहिवाटच बोलते हें जुन्या महजरांवरून कोणासहि दाखवितां येईल.

विल्सन ह्यांच्या व्याकरणाचें फळ काय झालें? ज्यांनीं तें शिकलें त्यांनीं त्या हिब्रूनें आपल्याच प्रार्थना वाचल्या. धर्मांतरें अगदींच थोडीं झालीं. रेवदंड्यास १८४२ त, अलिबागेस १८४८ त व पनवेलीस १८४९ त सिनेगॉगें उभीं राहिलीं, म्हणजे ज्या दशकांत मिशनरी लेखक ह्या समाजाच्या ख्रिस्तीकरणाची आशा सर्वांत जोरानें लिहीत होते, त्याच दशकांत. वल्हांडण सणाचा हग्गादा १८४६ त मुंबईस मराठीसह छापला गेला. पुन्हा १८७४ त पुण्यास विठ्ठल सखाराम अग्निहोत्री ह्यांच्या छापखान्यांत तो चित्रांसह निघाला व त्यांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडें नेसलेल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनीं प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं. हाइम सॅम्युएल केहीमकर ह्यांनीं १८७५ त समाजाची शाळा काढली, आणि त्यांचा इतिहासग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ त तेल अवीव येथें छापला गेला. हा समाज मिशनरींविषयीं कृतज्ञ राहिला व ख्रिस्ती झाला नाहीं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि एक घेऊन दुसरी टाकणाऱ्या लेखकांचा आम्हांस कंटाळा आला आहे.

ख्रिस्ती मताचा पुढील प्रवास थोडक्यांत सांगतों. रोमन कॅथॉलिक चर्चनें २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेंत पौलाच्या अकराव्या अध्यायाचा आधार घेऊन यहुदी लोक देवास अद्यापि प्रिय आहेत असें मान्य केलें. दुसऱ्या जॉन पॉल पोपनें १९८० त माइन्त्स येथें जुना करार देवानें कधींच रद्द केला नाहीं असें सांगितलें. २०१५ च्या व्हॅटिकन-लेखांत यहुद्यांसाठीं खास संस्थात्मक मिशन आपण चालवीत नाहीं असेंहि जाहीर झालें. गोव्याच्या त्या कचेरीपासून येथवर येण्यास चारशें पंचावन्न वर्षें लागलीं. विल्सन १८४३ त ज्या फ्री चर्चमध्यें गेले, त्याचा बहुतेक भाग १९०० व १९२९ च्या ऐक्यांनीं पुन्हा स्कॉटलंडच्या चर्चमध्यें मिसळला. त्या चर्चपुढें २०१३ त आलेल्या अहवालानें अब्राहामाच्या वचनावरून भूमीचा हक्क निघतो काय ह्याविषयीं शंका घेतली, व यहुदी मंडळींच्या निषेधानंतर त्याचे शब्द बदलावे लागले. तेव्हां वाद मिटला आहे असें कोणी समजूं नये. करार टिकला असें म्हणणारांतहि, टिकलें तें काय, नातें कीं जमीन कीं दोन्ही, ह्यावर एकमत नाहीं.

एक गोष्ट मात्र येथें नमूद केलीच पाहिजे. बेने इस्राएलांच्या कागदांवर शंका घेणारे केवळ ख्रिस्तीच नव्हते. १९४८ नंतर हे लोक मोठ्या संख्येनें इस्राएलांत गेले. तेथील धर्मपीठानें १९६० नंतरच्या वर्षांत विवाहाच्या बाबतींत त्यांच्या वंशाची चौकशी मांडली. यरुशलेमेंत ह्या लोकांनीं धरणें धरलें, आणि १९६४ च्या ऑगस्टांत तेथील लोकसभेनें ते सर्वतोपरी यहुदीच आहेत असा ठराव केला. ज्या वहिवाटीची टिपणें विल्सन ह्यांनीं घेतलीं, तिचीच साक्ष घरच्या पंचांपुढें पुन्हा काढावी लागली.

राहिला प्रश्न साधनांचा. पनवेल, पेण, रेवदंडा, अलिबाग येथील घरें बंद झालीं तेव्हां पेट्यांतून काय गेलें व रद्दींत काय गेलें ह्याची मोजदाद कोणीं ठेवली नाहीं. मोडी कागद जमविणारे आमचे मित्र हिब्रू अक्षर दिसलें कीं तें पुस्तक बाजूस सारतात. त्यांनीं तसें करूं नये. मराठी-हिब्रू प्रार्थनापुस्तकांच्या कोऱ्या पानांवर जन्म, सुंता व लग्न ह्यांच्या तिथी कुटुंबांनीं लिहून ठेवलेल्या असतात, कित्येकदां शालिवाहन शकासह. मुलाच्या जन्माच्या तिथीपुढें सुंतेची तिथि सात दिवसांनीं पुढची दिली असेल तर ती ओळ उतरून घ्यावी व पुस्तकाचें मुखपृष्ठहि टिपावें. पुण्याच्या १८७४ च्या हग्गाद्याची प्रत कोणाकडे असल्यास चित्रांचीं पानें पुरीं आहेत कीं नाहींत तें प्रथम पाहावें. बांधणी उसवून तीं वेगळीं विकण्याचा प्रघात आहे.